सरकार सोवळ्यात बसलं व्हतं

आमचं गाव चाकन आन आळंदीच्या मधलं, इंद्रायनीपासनं थोडं आत. आता तिथं समद्या कंपन्याच झाल्यात, ज्या वावरात माझ्या बापानं बाजरी केली तिथं ट्रकांची रांग लागती, पन ते असू द्या. मी शेवंता. बापाची थोरली, पाठीवर दोन भाव. बापाला आमी दादा म्हनायचो. दादा सोता आंगठेबहाद्दर, पन पोरगी साळंत जाती ह्याचं त्याला लई कौतिक, पावनं आलं की मला उभी करायचा आन म्हनायचा, वाच गं, आन मी हाताला लागंल ते वाचायची, पंचांग म्हना, पुड्याचा कागद म्हना. तवा सवराज्य यिऊन आठ-धा वर्सं झाली असतील, तिकडं पिंपरीला सरकारी औषदाचा कारखाना नवानवा उभा ऱ्हायला व्हता, आन आमच्या गावात साळा व्हती पार सातवीपतुर.

साळा म्हंजी काय, भैरोबाचं देऊळ. हासू नका, खरंच सांगते. सरकारनं मास्तर दिला, फळा दिला, नावाची पाटी दिली, ती पाटी देवळाच्या खांबाला ठोकली, झाली साळा. इमारत बांदायला सरकारला जमलं न्हाई आन गावाला वाटलं, बरं झालं, फुकटात काम भागलं. घंटा एकच, देवाची तीच साळंची. एखादी म्हातारी दर्शनाला आली आन तिनं घंटा वाजवली की आमी पोरं दप्तर उचलून पळायचो, सुटी झाली म्हनून, आन मास्तर मागनं वरडायचे, अरे ती देवाची होती, शाळेची नाही, बसा खाली. मास्तर पुन्याकडचे, एकटेच ऱ्हायचे, गरीब गाय मानूस. त्यांनीच दादाला सांगितलं, हिला फायनलला बसवा. फायनल म्हंजी सातवीची सरकारी परीक्षा, ती पास झाली की मास्तरीन व्हता यायचं. मास्तरीन! मला तर सपनात बी छडी दिसायची, माझ्या हातातली.

आन मंग मी शानी झाले. तुमी बी बाईमानूस, तुमाला काय इस्कटून सांगू. आईनं गोठ्याच्या कडंला गोनपाट टाकलं, चार दिस बाजूला बस म्हनली. घरात कशाला शिवायचं न्हाई, हे तर घरोघरी व्हतं, त्याचं मला काय वाटलं न्हाई, पन साळा देवळात ना! म्हंजी दर म्हैन्याला साळा बंद. पोरास्नी न्हाई, मास्तरला न्हाई, एकट्या शेवंताला. मास्तरांनी दादाला इचारलं, मुलगी का येत नाही हो, तर दादा नुसता टोपी कुरवाळत उभा, काय सांगनार बापडा. आईनंच सांगितलं, कवाडाआडनं. मास्तर म्हनले, पारावर बसू दे तिला, मी मोठ्याने शिकवीन. देवळाम्होरं लिंबाचा पार व्हता. तिथं मी बसायची आन मास्तर आतनं घसा फोडून शिकवायचे. फळा काय दिसायचा न्हाई, गनितं नुसती ऐकून करायची. करून बगा कवा, ऐकून भागाकार. पन खोटं कशाला बोलू, मला ते बी वाईट वाटायचं न्हाई. देवाचं हाय, चालायचंच, आसं मी बी म्हनायची.

माझं डोस्कं फिरलं ते दिपोटी आला त्या दिशी. दिपोटी म्हंजी साळा तपासाय येनारा सरकारी साहेब. त्यानं तपासल्याबिगर मास्तर कुनाचं नाव फायनलला धाडत नसायचे, आन त्यो यायचा वर्सातनं एकदा. आता साहेब येनार तर गावानं काय करावं? पोरांचा अभ्यास घ्यावा, का देऊळ सारवावं? पाटलानं सत्यनारायन घातला! देवळात, म्हंजी साळंत, आन पूजंला साहेबालाच बसवलं. आन साहेब बी बसला हो. हॅट काढली, पाटलून काढली, पाटलाच्या घरचा सोवळ्याचा रेशमी कद नेसला, बायको पुन्याला म्हनून तिच्या जागी कमरंला सुपारी खोवली आन पाटावर बसला. आमाला तपासाय आलेलं सरकार सोवळ्यात बसलं व्हतं.

आन माझा त्यो नेमका दुसरा दिस. आई म्हनली, जाऊ नगं. मी कशाची ऐकते, पाटी घिऊन पारावर जाऊन बसले. मनात म्हनलं, साहेब काय, उठून दारापतुर येतील, इचारतील. आत पूजा आन तपासनी संगंच चाललेली, भटजीचा एक अध्याय झाला की साहेब दोन-तीन पोरं उभी करायचा, पाढे म्हना, नद्या सांगा, की लगीच पुढचा अध्याय. बापजन्मात आसली तपासनी कुनी बगितली नसंल. मंग मास्तर म्हनले, साहेब, वर्गातली पहिली मुलगी बाहेर बसली आहे. साहेब म्हनला, मग बोलवा की आत. मी उठले बी. तवर गुरव दोनी हात पसरून दारात उभा, म्हनला, पोरगी भाईरची हाय. समद्या गावाम्होरं! पोरांनी माना वळवल्या, बाया पदराआड फुसफुसल्या, मला तर धरनी पोटात घेईल तर बरं आसं झालं.

मास्तरांनी हात जोडले. म्हनले, साहेब, आपण दारापर्यंत या, ती पारावरूनच उत्तरं देईल. साहेब म्हनला, मास्तर, मी सोवळ्यात आहे. आन वर काय म्हनला, ते मी मरस्तोवर इसरनार न्हाई, म्हनला, लोकांच्या धार्मिक भावना असतात, सरकार त्यात लक्ष घालत नाही. आता तुमीच सांगा! लक्ष घालत न्हाई आन मांडी घालून बसतंय! बायकोच्या जागी सुपारी चालती, आन साळंतली पोरगी साळंत चालत न्हाई?

मी पारावरनं वरडले, साहेब, हितनंच इचारा, मी मोठ्यानं सांगते. त्यानं मान बी वळवली न्हाई, भटजीनं पुढचा अध्याय काढला. पाटील दादाकडं बगून म्हनला, आरं, पोरीला घरी ने. दादा त्या मानसांतच बसला व्हता. उठला. मला वाटलं, आता बोलंल, पावन्यांम्होरं मला वाचाय लावनारा मानूस ह्यो, आता तरी म्हनंल, माझ्या पोरीला इचारा म्हनून. त्यो भाईर आला, माझ्यापासनं चार हात लांब थांबला, इटाळ व्हऊ नये म्हनून, आन म्हनला, चल.

तपासली न्हाई म्हनून माझं नाव गेलं न्हाई. मास्तर म्हनले, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्सी कुठलं, माझं लगीन लागलं. मालक कारखान्यात व्हते, चिंचवडला खोली केली, मंग पोरं, मंग मी बी एका कंपनीच्या कँटीनला लागले, चपात्या लाटायला. हयात गेली त्यात. छडीच्या जागी लाटनं आलं हातात, दुसरं काय. भैरोबावर माझा राग न्हाई बरं का, जत्रंला अजून जाते, नारळ फोडते. त्यो बिचारा कवा म्हनला, येऊ नगं म्हनून? गावात पुढं साळंला इमारत झाली, देवळाच्या भाईर, मला वाटलं सुटल्या पोरी. तर उद्घाटनाला पैलं काय केलं? सत्यनारायन! हासावं का रडावं सांगा.

आन तुमी म्हनाल, म्हातारे, किती जुनं उगाळतीस. जुनं कुठं हाय, आता मागल्या दसऱ्याआदीची गोष्ट ऐका. माझ्या नातवाची पोरगी तनू, सांगवीला सरकारी साळंत हाय, नववीला. साळंत सरस्वतीपूजन, आन तिचं भाषन. लई पाठ केलेलं पोरीनं, मला धा डाव म्हनून दावलं, म्हनून मी ऐकायला गेले काठी टेकत. जाऊन बगते तर काय, पोरं समदी आत हॉलमदी, आन तनू भाईर व्हरांड्यात, भिताडाला टेकून, डोळं भरल्यालं. काय गं? तर म्हनली, पणजी, मॅडम म्हणाल्या, ज्यांना प्रॉब्लेम आहे त्यांनी बाहेर बसा. प्रॉब्लेम म्हनं! आमच्या येळंला निदान कावळा तरी शिवायचा.

मी मोठ्या बाईंना गाठलं. म्हनलं, बाई, ही साळा हाय का देऊळ? बाई चांगल्या हायत, शिकल्याल्या, हसून म्हनल्या, आजी, लोकांच्या भावना असतात, शाळा त्यात पडत नाही. आईशप्पत सांगते, त्योच साहेब, नुसतं लुगडं नेसून आल्याला. म्हनलं, तुमी नगा पडू, मी पडते. आन तनूचा हात धरला, दारातनं आत गेले आन पार पुढच्या रांगंत जाऊन बसले, तिला मांडीला मांडी लावून बसवलं.

कुनी उठलं न्हाई. कुनी आडवं आलं न्हाई. एक बाई तर सरकून जागा दिऊन म्हनली, या आजी. तनूनं भाषन केलं, खनखनीत, टाळ्या पडल्या. शिकंल पोरगी, मास्तरीन व्हईल न्हाईतर साहेबीन व्हईल, सुखी ऱ्हाऊ दे तिला, माझं सारं आयुक्श तिला लागू दे. पन मला टाळी वाजवाय झालं न्हाई बगा. मी आपली माझ्या हाताकडं बगत बसले आन आसा राग आला, आसा राग आला, तुमाला काय सांगू. यवढं सोपं व्हतं व्हय? नुसता हात धरायचा व्हता? आन दादा तिथंच तर उभा व्हता की, चार हातावर.