स्लॅबवरचा धान

...अना तो टेकचंद मिस्त्री म्हणते, एकवीस दिवस! तुमाले सांगतो, एकवीस दिवस स्लॅबले खालून टेकू देल्लेली एकही बल्ली हलवाची नाही म्हणे, बोट नाही लावाचं! अरे, पण बुढीले हे कोण सांगन? ती का सिमेंट आहे, का वरतून पाणी मारलं तं टिकन? डाक्टरनं केवळरामले बाजूले नेलं अना म्हणे, "आता दवाखान्यात नका ठेवू, घरी न्या." घरी न्या! केवळराम तठीच बाकड्यावर बसला. घर कुठी होतं त्याले? बुढी थांबून नाही राहिली अना घर उभं होऊन नाही राहिलं!

थांबा, पहिलेपासून सांगतो, नाही तं तुमी म्हणसान घनश्यामचं डोस्कं फिरलं. हा केवळराम माहा शेजारी, सिहोऱ्याच्या अलीकडचं आमचं गाव, दोन एकर धान, बायको सीताबाई अना म्हातारी माय सत्यभामाबाई. मागच्या पावसाळ्यात त्याचं मातीचं घर बसलं. पडलं नाही हो, बसलं! सकाळी भिंत फुगली, दुपारी छताची मयाल खाली आली, अना संध्याकाळी तिघंही माह्या सपरीत. सपरी म्हणजे आमच्या घरापुढची ओसरी, दोन खाटा मावतेत एवढी. "चार दिवस राहू दे गा घनश्याम," केवळराम म्हणे. म्या म्हटलं, राहा न बाप्पा! चार दिवसाचे सात महिने झाले.

पण बुढीचा जीव सपरीत रमेना. रोज सकाळी तोंड धुतलं का इचारे, "केवळ्या, भिंत कुठवर आली रे?" अना मंग माह्याकडे पाहून म्हणे, "घनश्याम, तू राहाले जागा देल्ली, लय केलंस. पण माहं मरण तुह्या उंबऱ्यावर नाही ठेवत म्या. दुसऱ्याच्या घरी जीव सोडाव, त्याच्या घरी तेरा दिवस आपला दिवा जळाव, त्याच्या लेकरांनं सुतक धराव... नाही रे बाप्पा! मले माह्या घरी मरू दे." केवळराम खांद्यावर दुपट्टा टाके अना प्लॉटवर जाऊन विटा भिजवत बसे. त्याच्या मनात एकच होतं, मायची एवढी एक गोष्ट पुरी कराची. जल्मभर तिनं त्याले दुसरं काही मांगतलं नव्हतं.

अना घर बांधणं म्हणजे काय सोपं हाय? तुमी बांधलं का कधी? बांधू नका! विटा आहेत तं रेती नाही, रेती आली तं मिस्त्री नाही, मिस्त्री आला तं लाईन नाही, लाईन आली तं मोटार जळली! अना गावातला प्रत्येक माणूस इंजिनेर! एक येते, म्हणते, "दरवाजा पूर्वेले ठेव." दुसरा येते, म्हणते, "हे कोणं सांगतलं? उत्तरेले ठेव, हवा लागते." तिसरा काहीच नाही बोलत, नुसता "च्च च्च" करते अना चहा पिऊन जाते. त्या "च्च च्च"पायी केवळराम रातभर झोपला नाही, विश्वास ठेवा. सकाळी मले म्हणते, "काय चुकलं असन गा?" म्या म्हटलं, चहात साखर कमी पडली असन.

तरी खोटं नाही बोलत, हेच लोकं कामाले पण आले. स्लॅबच्या दिवशी उन्हाळी धानाची रोवणी चालू होती, अख्खं गाव चिखलात. केवळरामनं कोणालेच नाही म्हटलं, कोणत्या तोंडानं म्हणन? अना सकाळी सात वाजता पाह्यतो तं रोवणीच्या साऱ्या बाया, टोंगळ्यावर लुगडं खोचून, रांगेत उभ्या! शकुंतलाबाई सगळ्याईच्या पुढं. म्हणते, "धानाची बांधी कुठी पळून नाही जात, उद्या रोवू. बुढीचं छत आज पडलं पाहिजे." घमेले असे चालले, असे चालले, मिक्सरवाला म्हणे, "बाई, जरा दम घेऊ द्या मशीनले!" केवळराम वरतं उभा होता, हातात फावडं, अना डोळे पुसून राहिला होता. मले म्हणते, "सिमेंट गेलं डोळ्यात." म्या म्हटलं, हो, माह्याही गेलं.

आता स्लॅब पडला का तराई कराव लागते, म्हणजे वरतं पाणी साठवून ठेवाचं, स्लॅब पक्का होते. टेकचंद सांगून गेला, "चारी बाजूनं छोटे छोटे पाळे करा अना पाणी भरा." आता हे काम कोणाले सांगतलं त्यानं? रोवणीवाल्या बायाईले! ज्याईचा जल्म बांधीत गेला, त्या का बोटाएवढे पाळे करतेत? त्याईनं शेतातला काळा चिखल आणला, असे ठोक बांध घातले का बैल चालन त्याच्यावरून, पाणी भरलं, अना ऊन लागू नये म्हणून वरतून तणस पसरलं. धानाचं तणस! त्यात मळणीचे दाणे राहिले असतीन हे कोणाच्या ध्यानात येते? दहाव्या दिवशी केवळराम पाणी टाकाले वरतं गेला अना तठूनच बोंबलला, "घनश्याम! अगा, ये लवकर!" मले वाटलं स्लॅब तडकला. जाऊन पाह्यतो तं स्लॅबवर हिरवंगार! बोट बोट धान उगवला होता!

टेकचंद आला, त्यानं पाह्यलं, डोस्क्याले हात लावला. "अरे, हे घर आहे का बांधी? तीस वर्षं झाले मिस्त्रीकाम करून राहिलो, असे लोकं नाही पाह्यले!" शकुंतलाबाई म्हणते, "आता खतही टाकतो, थांब जरा." सारं गाव पाह्याले आलं, हसून हसून बेजार. पण ही गोष्ट सपरीत पोचली अना बुढी उठून बसली. दवाखान्यातून सपरीतच आणलं होतं तिले, चार दिवस झाले होते, तिनं मान नव्हती उचलली! म्हणते, "माह्या घरावर धान आला? मंग घर जिवंत झालं रे. चाल, मले आत्ताच ने."

टेकचंद म्हणे, "कायची नेता? अजून अकरा दिवस बल्ल्या आहेत. आत पाय ठेवाले जागा नाही." अना इकडे बुढीचा श्वास असा वर वर. तुमीच सांगा! बुढी थांबून नाही राहिली अना घर उभं होऊन नाही राहिलं! शेवटी केवळरामनं मायले दोन हातावर उचललं. लेकराएवढी हलकी झाली होती ती. खाट आत जाईना, म्हणून चार बल्ल्याईच्या मधात गोधडी टाकली. टेकचंद पुढं पुढं, "हळू! बल्लीले धक्का नका लावू! अरे, डोस्कं सांभाळ!" अना बुढीले भेटाले आलेले सारे लोकं असे वाकून वाकून, एकेक जण एकेक बल्लीले धरून उभा. वरतून स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटाईच्या फटीतून पाणी टपकून राहिलं होतं. सीताबाई रातभर मायवर छत्री धरून बसली. घरात, छत्री! केवळराम पाय चेपत होता अना मनात म्हणत होता, माय, पोचलीस वो. घरी पोचलीस.

सकाळी बुढीनं डोळे उघडले. म्हणते, "केवळ्या, मले घरी ने."

केवळराम रडकुंडीले आला. "माय, हेच तं घर हाय!"

"हे घर हाय रे, मस्त हाय. पण अठी मले बल्ल्याच बल्ल्या दिसतेत, माणूस नाही दिसत. मले माह्या जागेवर ने. सपरीत." अना मंग माह्याकडे पाह्यलं तिनं. "घनश्याम, तुह्या उंबऱ्यावर... चालन का रे?"

माही बायको रूपा मागं उभी होती, तीच म्हणते, "चालन का म्हणून काय इचारता, मावशी? सात महिने माह्या हातचा भात खाल्ला, आता परक्या झाल्या का? उचला हो त्याईले." झालं. पुन्हा केवळरामच्या हातावर बुढी, पुन्हा सारं गाव मागं, अना टेकचंद पुढं, "बल्ली सांभाळ!"

तिसऱ्या दिवशी गेली. सपरीतच, सकाळच्या पहारी, सगळे जवळ असताना, पाणी मांगून. रूपानंच तिच्या जागेवर पीठ पसरलं, दिवा लावला, वरतून टोपली झाकली. तेरा दिवस तो दिवा तिनं इझू नाही देल्ला. केवळराम माह्या पायाले हात लावाले वाकला, म्हणे, "माफ कर गा, शेवटी तुह्याच घरी..." म्या त्याले उठवला. खरं सांगतो, आपल्या मायच्या वेळेस एवढं रडलो नव्हतो म्या.

स्लॅबच्या एकविसाव्या दिवशी बल्ल्या निघाल्या. स्लॅब एकदम फर्मास, एक थेंब नाही गळत. प्लास्टर झालं, फरशी झाली, रंग झाला, आंब्याची चौकट लागली. म्या म्हटलं, चला, आता वास्तू करा अना जा बाप्पा आपल्या घरी! तं महाराज म्हणते, "माय गेली त्या वर्षी वास्तू नाही होत. वर्षश्राद्ध होऊ द्या." एक वर्ष! अना सीताबाई म्हणते, वास्तू केल्याशिवाय म्या त्या घरात चूल नाही पेटवत.

म्हणजे केवळराम अना सीताबाई अजून माह्या सपरीत. इकडे माहा उन्हाळी धान निघाला, पोते ठेवाले जागा नाही. केवळराम म्हणते, "नवं घर रिकामंच हाय, तठी ठेव. धान म्हणजे लक्ष्मी, तिले कायचा मुहूर्त?" ठेवले. आता त्या कोऱ्या करकरीत घरात पंख्याखाली माहे चाळीस पोते राहतेत, अना त्या घराचा मालक राहते माह्या सपरीत. अना कालची गोष्ट. एक पोतं आणाव म्हणून म्या चाबी मांगाले गेलो तं हा केवळराम, माह्याच सपरीत, माह्याच खाटेवर बसून, मलेच सांगते, "चप्पल बाहेर काढून जाय गा घनश्याम, नवं घर हाय!"