जांभळं आभाळ

माझी बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुपारी मी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी बहीण-भाऊ बोलत होते.

"ताई, जग बेचिराख झाल्यावरचा तो कार्टून सिनेमा आठवतो? कोल्हीण पिल्लांना घेऊन समुद्र शोधते तो?"

"पेपरात केवढा झोडपला होता! म्हणे, आभाळ की वांगं?"

"त्या जांभळ्या आभाळासाठीच तर आपण पुन्हा पुन्हा जायचो."

"आणि तू भोकाड पसरायचास."

"तू काय करायचीस गं? डोळ्यांत कचरा गेला म्हणायचीस!"

"गप रे. तसं आभाळ नंतर कुठे दिसलंच नाही."

ते आभाळ माझ्या बायकोने रंगवलं होतं. ते परीक्षण वाचल्यावर तिने ब्रश कायमचे ठेवून दिले. बहीण-भावाचं ऐकून मी तिला सांगायला उठलो, दारापर्यंत गेलोही. ते सांगायचं राहिलं आहे.