चार खोल्यांच्या चार कड्या

(कोल्हापूर, मंगळवार पेठ. घरावर नवा मजला चढतोय. स्लॅबचे गज बांधून झालेत, खाली मिक्सर येऊन थांबलाय.)

राजवर्धन : आई, फॅनच्या कड्या टाकल्यात की चारी खोल्यांत. आता पाळण्याच्या आणि कशाला?

विठाबाई : पंख्याला पाळणा बांधतोस व्हय? कृष्णात मिस्त्री, तू बांध रं. ह्याचं ऐकू नको.

कृष्णात : काकू, एकदा काँक्रीटचा माल पडला की मग कडी बसायची न्हाय. मायलेकांनी काय ते आत्ताच ठरवा.

राजवर्धन : ठरलेलंच आहे. देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांना रोजावर खोल्या द्यायच्या. लॉजवर उतरणाऱ्यांना पाळणा लागत नाही.

विठाबाई : कुणी ठरवलं? तीस वर्सं खानावळीत भाकरी थापल्यात मी, तवा हे घर उभं ऱ्हायलंय. शिरोलीच्या कारखान्यात राबणारी, नवी लग्नं झालेली पोरं हायत, त्यास्नी देणार. भाडं देऊन दूध-भाजीला उरलं पायजे त्यांच्याकडं. आन् अकरा म्हैन्यांचा करार संपला म्हणून कुणाला उठवायचं न्हाय.

राजवर्धन : बारकी पोरं भिंती रंगवतात, रात्रभर रडतात...

विठाबाई : तू काय कमी रडायचास? तुझ्या रडण्यापायी दोन खोल्या सोडल्या आमी. तुझ्या बारशाला घरमालकानं कडी ठोकू दिली न्हाय. स्लॅब तडकंल म्हणाला.

राजवर्धन : मग पाळणा कुठं बांधला?

विठाबाई : तालमीच्या पायरीवर. दोन पैलवानांनी माझ्या लुगड्याची टोकं धरली. मधी तू.

राजवर्धन : हे कधी सांगितलं नाहीस मला.

विठाबाई : लाज वाटायची, बाबा.

कृष्णात : पैलवान झोका देत हुते व्हय, काकू?

विठाबाई : तर! पाळणाबी त्यांनीच म्हटला, भसाड्या आवाजात. आता न्हाय लाज वाटत. आख्ख्या पेठंत असं बारसं कुणाचं झालं न्हाय. पण दुसऱ्या कुठल्या आईवर ती पाळी माझ्या घरात येणार न्हाय, सांगून ठेवते.

राजवर्धन : कृष्णात, त्या कड्यांकडं काय बघत बसलास?

कृष्णात : काय न्हाय, दादा.

विठाबाई : सांग की रं.

कृष्णात : माझ्या बायकोला, प्रियदर्शनीला, सहावा म्हैना लागलाय. आमचा घरमालक म्हणतोय, बाळंतपणाच्या आत खोली सोडा. आठ ठिकाणी जाऊन आलो. तिच्या पोटाकडं बघत्यात आन् न्हाय म्हणत्यात.

राजवर्धन : अरे, चार महिने माझ्या घरावर राबतोयस आणि एका शब्दानं बोलला नाहीस?

कृष्णात : तुमी लॉज म्हणलासा. मग मी काय बोलू?

राजवर्धन : ह्यातली चांगली खोली कुठली? तुझ्याइतकं कुणाला कळणार!

कृष्णात : पूर्वंची. सकाळचं ऊन येतंय, वारंबी हाय.

राजवर्धन : मग ती तुमची. आई, चालंल न्हवं?

विठाबाई : आता बोलला माझा लेक! पैलवानांनी धरलेलं पोर हाय ते.

राजवर्धन : कृष्णात, आण कड्या. चारी आण. तार मी धरतो.

कृष्णात : बारा वर्सं झाली काकू, लोकांच्या स्लॅबात कड्या बांधतोय. खाली कुणाचं पोर झोपणार, हे आज पयल्यांदा म्हाईत हाय.