खापराचा चटका

— त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो. इकडे पलंगावर बसा, ताई. हं, तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, चाळीस मांडे म्हणालात. होतील की, न व्हायला काय झालं. आधी पाणी घ्या, माठातलं आहे. तुम्ही धुळ्याच्या, देवपूरच्या, म्हणून मी जरा शुद्ध बोलायला जाते, पण मध्येच 'आहे'चं 'शे' निघतंच तोंडातून, हसू नका. कोणत्या लग्नात खाल्ले होते म्हणालात मांडे? — असेल, असेल, पारोळ्यातलं लग्न म्हणजे मांडे कोकिळाबाईचेच. मग तेव्हा हातही बघितले असतील माझे. मांडा काही लाटण्यानं होत नाही, दोन्ही हातांवर घ्यायचा, फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत सोडायचा आणि मग उलट्या खापरावर टाकायचा — बांगड्या काढायच्या, बाह्या वर करायच्या. हात झाकून मांडा होत नाही.

हातांवरचे डागच बघताय ना? हे? खापराचे चटके आहेत ते. खाली चुलीचा जाळ, वर तापलेलं खापर, हात लागतोच कधी ना कधी. अकरा वर्षं झाली. म्हणजे अकरा वर्षं मी हे सांगते. काय? — दुखतं का? दुखतं ना. बघा, हे विचारलं नव्हतं मला कोणी. काय आहे विचारतात, दुसऱ्याला लागतं का विचारतात, आमच्या ताटात तर येणार नाही ना हे डोळ्यांनी विचारतात, पण दुखतं का — तुम्ही बाहेरच्या, ताई, अर्ध्या तासानं एसटीत बसाल, तुम्हाला काय सांगायला हरकत आहे. चटके नाहीत ते. सोरायसिस म्हणतात त्याला. लागत नाही कोणाला, डॉक्टरनं मला स्वतः सांगितलं, माझ्या हाताला हात लावून सांगितलं.

आधी धंद्यासाठी खोटं बोलले. खवले सुटतात ज्या हातांचे, त्या हातांचं पुरण कोण खाईल? आता पोरीसाठी बोलते. घरात आम्ही दोघीच, तिचे वडील गेल्याला सहा वर्षं झाली. स्थळ आलंय तिला, नरडाण्याचं. मुलगा तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर आहे, शांत आहे, आईवडिलांसोबत येऊन पाहून गेला, पोर पसंत पडली. फक्त मुलाची आत्या आहे म्हणे, धुरपदाबाई, घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही, तिचा होकार आला की आखाजीला सुपारी फोडायची. म्हणून मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतलेत. ते आले त्या दिवशी चैत्रातलं ऊन, आणि मी आपली मनगटापर्यंत झाकलेली. मुलाची आई म्हणाली, गरम होत नाही का हो? म्हटलं, सवय आहे.

कातडीचं काही नाही हो, कातडी झाकता येते. पण मग बोटं फुगायला लागली. हे बघा, एक बोट अख्खं फुगतं, मुळापासून नखापर्यंत, आणि नखांवर हे खड्डे, टाचणीनं टोचल्यासारखे. सकाळी मूठ उघडायला तासभर लागायचा. जळगावला मोठ्या डॉक्टरकडे गेले, तो म्हणाला, कातडीतला आजारच सांध्यांत उतरलाय. बरं म्हटलं, उतरलाय तर उतरलाय. मग त्यानं माझ्या पोटाला टेप लावली. मला वाटलं, हा ब्लाउज शिवतो की काय. वजन केलं, रक्त काढलं, म्हणाला, साखर वाढते आहे, लिव्हरवर चरबी आहे, रक्तातही चरबी आहे, हृदयाला जपा. म्हटलं, डॉक्टर, मी बोटं दाखवायला आलेय. तर म्हणे, हे बठ्ठं एकच शे — तो मराठीत म्हणाला, मी माझ्या भाषेत सांगते — सगळ्याच्या आत एकच आग आहे, ती कातडीतून निघते, सांध्यांतून निघते आणि साखरही तीच बिघडवते. चालत जा, वजन उतरवा, नाहीतर गोळ्यासुद्धा नीट लागू पडायच्या नाहीत. चाला म्हणे. टाच टेकत नाही माझी जमिनीला. चाललं तर टाच मारते, बसलं तर साखर चढते. मी त्याला हसून म्हटलं, तुम्हीच सांगा कुठून मरू. तो नाही हसला.

तरी औषध गुणाचं होतं. आठवड्यातून एक गोळी, चार महिने घेतली, हातांची सूज उतरत होती. मग एक दिवस त्याच दवाखान्याच्या पायऱ्यांवर आमच्या गल्लीतली बाई भेटली. अगं, कातडीच्या डॉक्टरकडे? कोणाचं गं? म्हटलं, शेजारणीसोबत आले. तिथून जी खाली उतरले ती परत चढले नाही. पोर तेव्हा वीस वर्षांची झाली होती, स्थळं यायचे दिवस. गावात एकदा 'कातडीचा आजार' हा शब्द फिरला की लग्नाच्या बोलणीत तो शब्द आधी जातो, पोर मागून जाते. बाजाराच्या दिवशी एक माणूस बसायचा काळ्या गोळ्यांच्या पुड्या घेऊन, त्याच्याकडून घेतल्या. काय सांगू माय, आठ दिवसांत हात गुळगुळीत, दुखणं गायब, दोनशे-दोनशे मांडे केले मी एका बैठकीत. तोंड गोल झालं, अंग भरलं. बाया म्हणायच्या, कोकिळा, तब्येत सुधारली गं. दीड वर्ष सुधारत होती तब्येत. मग चक्कर येऊन पडले तेव्हा साखर निघाली चारशे. त्या गोळ्यांत स्टिरॉइड होतं म्हणून डॉक्टरनं सांगितलं, मी बंद केल्या, आणि मग सगळं अंग असं फुटलं की चादरीला चिकटायचे मी.

पाणी घेतलं नाहीत तुम्ही. असू द्या, घ्याल.

आणि हा पाय. नाही, साडी मुद्दामच ओढून बसलेय, वास येतो का? माघात एका लग्नाच्या मांड्यांच्या चुलीला जाळ घालत बसले होते, चुलीतला निखारा उडाला आणि पायावर पडला. मला कळलंच नाही. खरंच कळलं नाही, ताई. वास आला, तर मी म्हणतेय, अगं कोणाचं तरी लुगडं जळतंय, बघा. साखरेनं पाय बधिर झाले होते, ते मला त्या दिवशी समजलं. पोरीनं रात्री विचारलं, आई, हे काय? मी म्हटलं, खापराचा चटका. तिनं बरं म्हटलं आणि निजली. तिचा काय दोष? अकरा वर्षं एकच उत्तर ऐकतेय ती, मलम लावून मोकळी व्हायची तिला सवय. यावेळी चटका खरा होता आणि त्याच्याकडे कोणीच बघितलं नाही, मीसुद्धा नाही. आता पायाची दोन बोटं काळी पडलीत. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत कापू, नाहीतर घोट्यापर्यंत जावं लागेल. त्याला आज बारा दिवस झाले. सुपारी फुटू दे, मग कापा म्हटलं, पाहुण्यांसमोर काठी घेऊन कशी बसू? पाय काय, लग्नात पाटावर बसून राहिलं की कोणाला दिसत नाही. जाईल तेवढा जाऊ दे.

मांडे? मांडे मी नाही करत आता, तेही सांगून टाकते, दोन वर्षं झाली. पोर करते. पहाटे उठून करते आणि मग पतसंस्थेत कामाला जाते, नाव माझं चालतं. तिचे हात बघाल तर कोपरापर्यंत स्वच्छ. — रक्तात येतं का? डॉक्टर म्हणाले, येतं कधीकधी, नाहीही येत. माझ्या आईच्या गुडघ्यांवर होतं, आम्ही गजकर्ण समजायचो. पोरीला नाही हो. कानामागे थोडं आहे, केसांत जातं वर, कोंडा म्हणते मी त्याला. काळे कपडे घालत नाही ती, खांद्यावर दिसतं म्हणून. कोंडाच असेल. फक्त सकाळी उठली की पलंगाच्या कडेला बसून मुठी उघडते, मिटते, उघडते, मिटते. तिला वाटतं मी निजलेय. मी डोळे किलकिले करून बघते. पहिल्या वर्षी मीही अशीच बसायचे, ताई, अगदी अशीच, खिडकीकडे तोंड करून —

काय? पुनमला दाखवलं का? नाही, पुनमला नाही दाखवलं कुठंच, पुनम म्हणते की —

थांबा.

मी तर मघापासून पोर, पोर म्हणतेय. नाव तुम्ही घेतलंत, मी कुठं घेतलं होतं तिचं? घराला पाटीही नाही. — खाली काय बघता? वर बघा. नरडाण्याच्या मुलाचं नाक असंच आहे, मला आल्या आल्या दिसायला हवं होतं. धुळ्याला दिलेली आत्या. धुरपदाबाई ना तुम्ही? तरीच पाणी घेतलं नाहीत.

चटकेच आहेत ते. आधी सांगितलं तेच खरं, बाकी मी आपलं एकटीला करमत नाही म्हणून बोलत गेले. साखर चढली की मी असं काहीही बोलते, गल्लीत विचारा कोणालाही. कोंडा आहे तिला, सगळ्या पोरींना असतो. लिंबू लावलं की जातो. मूठ म्हणाल तर मांड्याचं पीठ तिंबून आखडतात हात — तुम्ही ऐकताय ना, आत्याबाई? तुम्ही दुखतं का विचारायला नको होतं. चौकशीला आला होतात तर चौकशी करायची, कातडी बघायची, निघायचं. दुखतं का कशाला विचारलंत?

बसू नका आता. नाही, हात जोडू नका, तुमच्या घरचा मुलगा आहे, तुम्ही बघणारच, मीही आले असते बघायला. चाळीस मांड्यांचं विसरून जा. ती साडेपाचला येते, त्याआधी निघा. वाटेत गाठ पडली तर ओळख देऊ नका. पोर गुणी आहे, तुम्हाला परकी समजून स्टँडचा रस्ता दाखवेल हात लांब करून. तेव्हा रस्त्याकडे बघा, हाताकडे नका बघू.

पाणी ठेवा तिथंच, पिते मी. मला उठून दारापर्यंत येता यायचं नाही. जाताना तेवढं दार ओढून घ्या.