आरतीखालची सोनाली

सुकदेव : लिहून ठेव गायत्री. माणसानं एकदा मनावर घेतलं ना, तर या पृथ्वीवर कुठलीच ओळ वाकडी राहू शकत नाही!

गायत्री : आबा, कोपर उचला. कीबोर्डवर टेकलंय. अर्धं पान नुसतं 'ममममम' झालंय.

सुकदेव : ते पूस. विचार तेवढा ठेव.

उषाबाई : विचार राहू द्या. रविवारी देवी कानबाई बसायची, अन् कुणी कुठलं काम करायचं तो कागद अजून कोराच. निंबाभाऊजींचा पत्ता नाही. सख्खा भाऊ, राहतो इथंच सुरतेत, बमरोलीत, पण जशी काही अमेरिका.

सुकदेव : येईल. यंदाचा कागद बघून पळत येईल.

गायत्री : गेल्या वर्षीचा बघूनच पळाले होते काका.

उषाबाई : पळणारच! त्यांची नवी सून सोनाली, तिची पहिली कानबाई, पहिल्या आरतीचा मान तिचा. अन् कागदावर तिचं नाव कुठं? भांडी घासणाऱ्यांत!

सुकदेव : मी आरतीखालीच टाइप केलं होतं. झेरॉक्सवाल्याकडं जाईपर्यंत सरकलं.

गायत्री : रिक्षात सरकलं का?

उषाबाई : अन् ते बळीरामभाऊजी, एवढ्या मिशांचे, ते फुलोऱ्याखाली. बिचारे कढईपुढं बसून देवीचा फुलोरा तळत होते. एकानं तरी विचारावं ना माय, हे असं कसं?

सुकदेव : कसं विचारतील? भाऊबंदकीचा ठराव आहे, कागदात असेल तसं. आरतीवरून दरवर्षी डोकी फुटायची, म्हणून तर ठरलं.

गायत्री : मग सोनालीवहिनीनं मुकाट्यानं सगळ्या पराती घासल्या, आणि काका देवीच्या प्रसादाचा रोट न खाताच निघून गेले.

सुकदेव : रोट टाकून जाणं म्हणजे नातं टाकून जाणं, पोरी. म्हणून तर बसलोय. यंदा एक नाव हलू देणार नाही. बोल, कुठलं बटण?

गायत्री : टॅब. स्पेस दाबत दाबत जागा सोडायची नाही. तुमचा फॉन्ट वेगळा, झेरॉक्सवाल्याचा वेगळा. अक्षरं जाड-बारीक होतात अन् नावं सरकतात. ही वर पट्टी दिसते? तिच्यावर टॅब स्टॉप लावायचे. खुंट्याच समजा. आरती, फुलोरा, रोट, भांडी. टॅब दाबला की नाव थेट आपल्या खुंटीला जाऊन टेकतं.

सुकदेव : म्हणजे लूमवर किनारीचा धागा फणीत जिथं भरला तिथंच राहतो, तसं.

गायत्री : मला फणी केसांतली माहीत.

सुकदेव : बापाचा जन्म उधन्याच्या लूमखात्यात गेला, अन् लेकीला फणी केसांतली! पण गायत्री, गेल्या वर्षीही मी टॅबच दाबला होता.

गायत्री : झालं सुरू! वर्षभर हेच.

सुकदेव : याच लॅपटॉपवर. याच बोटानं.

गायत्री : शक्यच नाही, आबा. थांबा, सेटिंगच उघडून दाखवते. हे बघा, इथं...

उषाबाई : का वं, काय झालं? भाजी जळली तर मला वास येतो. तुझं काय जळलं?

गायत्री : इथं टिक आहे. 'टॅबच्या जागी चार स्पेस.' ऑफिसच्या कामाला लागतं म्हणून मीच केली होती. आबा टॅब दाबत होते, अन् हा गुपचूप स्पेस घालत होता.

सुकदेव : अगं, ऐकलंस?

उषाबाई : ऐकलं. म्हणजे वर्षभर तुम्हाला उगाच बोलले मी.

सुकदेव : उगाच कशाला? जमा ठेव. पुढं कधीतरी लागेल.

गायत्री : टिक काढली. आबा, मी काकांना सांगते, चूक माझी होती.

सुकदेव : खबरदार! शिव्या मी खाल्ल्या, अन् मान तू घेणार? खुंट्या मार.

गायत्री : मारल्या. आता टॅब, मग नाव.

सुकदेव : सो-ना-ली. बसली बघ आरतीखाली! आता फॉन्ट बदल.

गायत्री : बदलला.

सुकदेव : अजून जाड कर. झेरॉक्सवाल्यासारखा बेढब कर.

गायत्री : केला.

सुकदेव : अगं, स्वयंपाकघरातून बाहेर ये! हलली नाही! कागद आत्ता पाठवतो निंबाला.

उषाबाई : कागदानंच गेले भाऊजी. तोंडानं बोलवा.

(फोन लागतो. स्पीकरवर निंबा.)

सुकदेव : निंबा, ठेवू नको. यंदा पहिली आरती सोनालीची. भूकंप झाला तरी तिचं नाव हलणार नाही.

निंबा : दादा, गेल्या वर्षीही तू असंच बोलला होता.

सुकदेव : बोललो होतो. चुकलं माझं. पण आता ऐक. तू आल्याशिवाय रोट मोडणार नाही. दुपार होऊ दे, संध्याकाळ होऊ दे. सगळी भाऊबंदकी उपाशी बसेल. पहिला मी.

निंबा : तुला शुगर आहे, दादा.

सुकदेव : म्हणून लवकर ये.

निंबा : ...येतो. आमच्या वाट्याचे रोटाचे गहू घेऊनच येतो. पण एक विचारू?

सुकदेव : विचार ना.

निंबा : सोनाली इथंच उभी आहे. म्हणते, आरती झाली की मला भांड्यांकडं जाऊ द्याल का? सुरतेतल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथंच झाल्या.