येथे कॉइन चालते

...नाही, मी काय म्हणतो, परक्याने फसवलं असतं तर बोंब तरी मारली असती, सख्ख्या भाच्याने फसवल्यावर माणसाने कुणाच्या नावाने बोंबलायचं? सुयश! माझ्या बहिणीचा मुलगा! तुम्हाला सांगतो, मुरुडला माझं छोटं लॉज, मागे नारळाची वाडी, सगळं सुरळीत चाललेलं, तर हा आला नि म्हणतो, "मामा, नोटांचा जमाना गेला. आता मोबाईलमधलं कॉइन! जगात सगळीकडे चालतं!" चालतं म्हणे! गावात घरटी थोडं थोडं फुकट वाटलं आणि माझ्या दारावर पाटी ठोकली, 'येथे कॉइन चालते.'

आले हो लोक! गावातलेच! समोर स्वतःचं घर दिसतंय आणि हे माझ्या गॅलरीत बसून सोलकढी मागतायत! मी खूष. यंदा छपराचे पत्रे बदलायचे होते ना... अख्खा सीझन मोबाईलमध्ये साठवला.

मग निघालो खर्चायला. मासळीबाजारात नलूसमोर मोबाईल धरला, तर कमरेवर हात ठेवून ओरडली, "भवानीच्या टायमाला ह्यो काय दाखवतोस रं? नोट हाय तर बोल, न्हाय तर सरक बाजूला!" अहो, हीच नलू माझ्या एसीत झोपून गेलेली! पत्रेवाले हेतलशेठ म्हणतात, "विश्वंभरभाई, आ तो गंमत छे. धंद्यात रोकडाच जोईए." हेही झोपून गेलेले! चालतं म्हणे!

म्हटलं, जाऊ दे, भाचा तरी घेईल. त्याचंच लग्न, मामाचा आहेर, मांडवभर नजरा... मी ऐटीत मोबाईल पुढे केला. नवरदेव मुंडावळ्या सारून कानात कुजबुजतो, "मामा, रोख नाही का?" तुटलो हो आतून! या पोराला खांद्यावर बसवून जंजिरा दाखवला मी! शेवटी आमच्या गोदावरीने हातातली पाटली उतरवून दिली, तेव्हा मांडवात तोंड दाखवता आलं.

बरं, संपलं? छे! लग्नानंतर हा बायकोला घेऊन दारात हजर. "मामा, समुद्रासमोरची खोली द्या. आणि फुकट नाही हां राहणार!" मला भरून आलं. आणि त्याने खिशातून काढला... मोबाईल! मी पाटीकडे बघितलं. गुपचूप चावी दिली.

काय म्हणता, पाटी काढू? मग माझ्याकडचं खपणार कुठे? हल्ली मी घर सोडून माझ्याच लॉजवर राहतो, रीतसर कॉइन भरून. छप्पर डोक्यावर गळतं, पण तक्रार कुणाकडे करणार? मालक मीच ना!