चंद्राच्या वाटेतला दगड

— दीड हात? छे हो ताई, तुमच्या यंत्रातच काहीतरी खोट असणार! पडलेला हा दगड मी स्वतः पुन्हा उभा केलाय, अठरा वर्षं झाली — आणि दगड काय चालत जातो? बरं, आहे दीड हात सरकलेला. असू दे की. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी हे शहर वसवलं त्यांचा मागमूस उरला नाही, आता जाब विचारायला कोण येणार आहे?

तुम्ही आलात, ते खरं. हट्टाच्या बाबतीत अगदी वडिलांवर गेलात. तेही असेच — वही गुडघ्यावर, पेन्सिल कानावर. म्हणायचे, मिस्त्री, साडेअठरा वर्षांनी चंद्र उत्तरेला पार टोकाला जातो आणि या दोन दगडांच्या मधोमध उगवतो, त्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी आणि दोरीनं हे साधलंय! मी म्हटलं, साहेब, आमच्या घरची एक भिंत ओळंब्यात येत नाही. इतके हसले! देवमाणूस. त्या दिवशी पाचच्या बसनं गेले, मीच बसवून दिलं. पुढे कुठे उतरले, काय झालं, देव जाणे. पोलिसांनाही मी हेच सांगितलं. घरी पोचले नाहीत म्हणता — वाईट वाटतं हो, अजून.

पण उद्या दगड हलवायचा, खाली खणायचं, हे मात्र नको. कशाला? चुकला असेल माझा हात. तुमचे वडीलच खड्ड्यात पालथे पडून, एक डोळा मिटून सांगत होते, मिस्त्री, जरा डावीकडे, अजून थोडं — मजूर चारलाच घरी गेलेले, पहारीवर मी एकटा — आणि तेवढ्यात तो उगवला! केवढा, काय सांगू, परातीएवढा, तांबडा, बरोब्बर मधोमध. साहेब ओरडले, बघा, बघा मिस्त्री! मी बघितलं. बघायला नको होतं. एवढा दगड पहारीवर तोललेला, आणि मी वर बघतोय —

काय म्हणालात?

हो, पाचचीच बस. शेवटची.

चंद्र... चंद्र सहानंतर उगवतो, हो. आजही तेव्हाच उगवेल. तुम्हीच मघाशी वहीत वेळ लिहिलीत.

अशा बघू नका माझ्याकडे. वय झालं माझं, पाच काय नि सहा काय, चुकतं सांगताना. आरडाओरडा केला असता तर काय झालं असतं? श्वास नव्हता हो, मी हात लावून बघितलं होतं. घरी बायको दिवस भरलेली. सकाळी मजूर यायच्या आत माती ओढली, चोपली. झालं.

तो बघा, आला. दगडाआड गेला. बघितलंत? दिसतच नाही मधून. साडेअठरा वर्षं मी या संध्याकाळची वाट बघत होतो, आणि भीतही होतो.

जा आता, ताई. उजेड आहे तोवर जा, ज्याला सांगायचं त्याला सांगा. उद्यासाठी आणलेली पहार राहू द्या इथेच. आणि तिकडून नको — या बाजूनं वळसा घाला. तिथं पाय देऊ नका.